बहात्तरचा दुष्काळ, साठ मुलं आणि सव्वीस फोन

पत्र

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला इतिहास शिकवते. वर्गात ३२ मुलं आहेत. ८ जण धडाधडा वाचतात, १५ अडखळत वाचतात आणि ९ जण अजून अक्षरं जोडत जातात. एका मुलीला कानाचं मशीन आहे. स्मार्टफोन १४ घरांत आहे, तोही वडिलांच्या खिशात. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातल्या एका शाळेबरोबर (२८ मुलं, १२ फोन) मिळून ऑनलाइन उपक्रम करायचं ठरलंय. विषय 'मराठवाड्याचा इतिहास'. हुशार मुलांनी माहिती लिहायची, बाकीच्यांनी चित्रं काढायची आणि शेवटी ऑनलाइन सादरीकरण, असं डोक्यात आहे. दिवाळीनंतर सुरू करीन म्हणते, पण तेव्हा पाच-सहा मुलं ऊसतोडीला जातात. मागच्या खेपेला असाच उपक्रम केला, तर चार मुलांनी सगळं केलं आणि बाकीची बघत बसली. यंदा कसं करू?

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण दुखणं तिथंच आहे. चौघांनी सगळं केलं, कारण काम चौघांनाच जमेल असं आखलं होतं. यंदाच्या आखणीतही तेच होणार. ज्याच्या हातात रंगपेटी दिली, त्याच्यापर्यंत इतिहासाचा प्रश्न पोचतच नाही. तो दुसऱ्याचं पान सजवून देतो आणि आपल्याला काय समजतात, हे त्याला त्या दिवशी पक्कं कळतं. प्रश्न सगळ्यांना एकच द्या, आणि काम असं वाटा की एकाचा वाटा आला नाही तर दुसऱ्याचं अडलं पाहिजे. खाली जे लिहितोय ते सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी विषय बदला. 'मराठवाड्याचा इतिहास' दिला की सातवाहनांपासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा मजकूर मोबाइलवरून उतरून येतो. तो उतरवायला चांगलं वाचता यावं लागतं, म्हणजे पुन्हा तेच चौघं. मुक्तिसंग्रामावर गावातल्या माणसांना विचारावं म्हटलं, तर ते दिवस जाणतेपणी पाहिलेली माणसं आता मोजकीच. १९७२ च्या दुष्काळाचं तसं नाही. १९६२ च्या आसपास जन्मलेला माणूस तेव्हा दहा वर्षांचा होता, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या आईजवळ बसून त्यानं सगळं पाहिलंय. असा माणूस तुमच्या गावात गल्लोगल्ली आहे आणि मुखेडकडेही आहे. मुलांना एवढाच प्रश्न द्या: 'बहात्तरला आपल्या गावानं काय खाल्लं, काय काम केलं आणि त्यातलं आज गावात काय उरलंय?' तिसरा भाग गाळू नका. पाझर तलाव, नालाबांध, खडीचा जुना रस्ता या गोष्टी जागेवर जाऊन दाखवता येतात, आणि ज्याला वाचता येत नाही तोही तिथं बोट ठेवून बोलू शकतो.

गटांचा हिशोब असा बसतो. ३२ आणि २८ मिळून ६० मुलं, म्हणून पाच-पाचांचे १२ गट. आठ गटांत तुमचे तीन आणि त्यांचे दोन, चार गटांत तुमचे दोन आणि त्यांचे तीन. दोन्हीकडे प्रत्येक गटाला एक फोन पुरतो. त्यांच्याकडे बरोबर बाराच आहेत, म्हणून शिक्षकांचा फोन राखीव ठेवायला त्यांना सांगा. तुमची भराभर वाचणारी ८ मुलं एका गटात एकच, या बेतानं पसरा. उरलेल्या चार गटांत तसं मूल त्यांच्याकडून येईल असं बघा. यादी तुम्ही दोन्ही शिक्षिकांनी फोनवर बसून एकदाच करायची, मुलांवर सोडायची नाही. मुलांवर सोडली की मैत्रीचे गट होतात आणि अक्षरं जोडणारी नऊच्या नऊ शेवटी उरतात.

चार आठवडे धरा. त्यात एकमेकांसमोर ऑनलाइन यायचं ते तीनदाच, प्रत्येकी अर्धा तास: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. बाकी सगळं आपापल्या वेळेनं. रोज गुगल मीटवर यायचं ठरवलंत तर रेंज आणि लाइट यातच उपक्रम संपेल. त्या तीन वेळाही ६० मुलं आपापल्या फोनवरून नकोत. एका शाळेचा एक फोन किंवा लॅपटॉप, एक स्पीकर, बाकी सगळे फोन बंद. एकाच खोलीत दोन फोन मीटला जोडले की आवाज एकमेकांत घुमून कर्कश शिट्टी वाजते आणि पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. मोफत मीटवर तीन किंवा जास्त जोडण्या असतील तर तासाला वेळ संपते. तुमच्या दोनच जोडण्या असतील, तरी अर्ध्या तासावर ताणू नका.

पहिल्या भेटीत मजकूर वाचायला देऊ नका. गावच्या पाझर तलावाचा किंवा एखाद्या घरात ठेवलेल्या खडी फोडायच्या हातोडीचा फोटो पडद्यावर लावा आणि तीनच गोष्टी विचारा: काय दिसतं, काय वाटतं, कुणाला काय विचारावं. ही सुरुवात सगळ्यांना सारखीच सोपी आणि सारखीच अवघड जाते. मुलांच्या प्रश्नांतून दोन्ही शाळांनी मिळून आठ निवडायचे. त्यात 'तेव्हा तुमचं वय काय?', 'रोज किती मिळायचा आणि कुणाच्या हातात द्यायचे?', 'पाणी कुठनं आणायचे?', 'सुकडी कशी लागायची?' असे प्रश्न हवेत (सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेला पिठाचा पौष्टिक खाऊ). 'तुम्हाला कसं वाटलं?' हा प्रश्न काढून टाका, त्याला 'लई वाईट दिवस होते' एवढंच उत्तर मिळतं. आठही प्रश्न तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या, म्हणजे अक्षरं जोडणारी मुलं ते दोन दिवसांत तोंडपाठ करतील. त्याच आवाजात दहा शब्दही सांगा: टंचाई, मस्टर (हजेरीपट), मुकादम, खडी, मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), सुकडी, चारा छावणी, पाझर तलाव, नालाबंडिंग, आड (अरुंद विहीर).

मुलाखतीला गटातले दोघं जातील. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं रेकॉर्ड करायचं. तिसरा असेल तर त्यानं घरातली जुनी वस्तू किंवा जागा पाहून फोटो काढायचा. विचारायचं काम मुद्दाम त्या नऊ मुलांना द्या. प्रश्न पाठ असल्यामुळं ती कागदात बघत नाहीत, समोरच्या म्हातारीकडे बघतात, आणि म्हातारी बोलती होते. मात्र दुसऱ्या मुलाखतीला कामं बदला, नाहीतर पोरगा 'विचारणारा' म्हणूनच चिकटून राहील.

रेकॉर्डिंग सलग वीस मिनिटं करू देऊ नका. प्रत्येक प्रश्नाला वेगळं रेकॉर्डिंग, दोन मिनिटांच्या आत. सलग फाइल कुणाला कापता येत नाही, पाठवताना अडकते आणि परत कुणी ऐकतही नाही. आठ छोट्या फाइल असतील तर काम त्याच दिवशी संपतं. एक खोड अशी की फाइल एका फोनवरून दुसऱ्यावर गेली की कुणाची, कुठल्या प्रश्नाची ते कळत नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू होताच मुलानं मोठ्यानं म्हणायचं, 'गट सात, पाटोदा, प्रश्न तीन.' नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. फॅन बंद, टीव्ही बंद, कोंबड्या बाहेर. सुनेला किंवा मुलाला आधीच सांगा की आजीच्या वतीनं उत्तर देऊ नका. पहिलं रेकॉर्डिंग अर्ध्या मिनिटाचं, नुसतं तपासायला. आणि परवानगी आवाजातच घ्या: 'आजी, हे आम्ही शाळेत आणि मुखेडच्या मुलांना ऐकवलं तर चालंल का?'

मग घरी किंवा वर्गात बसून गटानं आठातली दोन रेकॉर्डिंगं निवडायची. इथं अक्षरं जोडणारी मुलं मागं पडत नाहीत, ऐकण्यात ती इतरांच्या बरोबरीला असतात आणि कित्येकदा पुढंच. निवडताना एक कसोटी सांगा: ज्यात एखादी वस्तू, जागा किंवा आकडा आलाय ते घ्या, नुसतं हळहळणं असेल ते सोडा.

खरी युक्ती पुढं आहे. निवडलेली रेकॉर्डिंगं आपल्याच मुलांनी लिहून काढायची नाहीत. तुमची मुखेडला जातील आणि मुखेडची तुमच्याकडे येतील, आणि समोरच्या गावच्या म्हातारीचं बोलणं इकडची मुलं कागदावर उतरवतील. मुखेडकडच्या बोलीत तुमच्या मुलांना न कळणारे शब्द येणार, तुमच्याकडची 'आमी जायचो, फोडायचो' तिकडं वेगळी वाटणार. न कळलेल्या शब्दावर बोट ठेवून मूल परत आवाजातच विचारील, 'ही आजी काय म्हणाली?' त्याचं उत्तर त्या गावच्या मुलालाच देता येतं, भले त्याला वाचता येत नसेल. हे होतं तेव्हा दोन शाळा एकत्र काम करतात. नुसत्या दोन बाजूंनी दोन सादरीकरणं झाली तर त्याला एकत्र म्हणण्यात अर्थ नाही.

दोन मिनिटांचं बोलणं म्हणजे साधारण दोनशे शब्द. आठवीच्या मुलाला ते हातानं उतरवायला तास जातो, त्यामुळं एका मुलावर दोन्ही टाकू नका. मराठी व्हॉइस टायपिंग वापरा, पण फोनसमोर रेकॉर्डिंग वाजवून नव्हे. म्हातारीचा आवाज आणि स्पीकरची घरघर यातून त्याला काही उमगत नाही. मुलानं एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं आणि तेच वाक्य आपल्या तोंडानं फोनला सांगायचं. एक अडखळत वाचणारा सांगेल, भराभर वाचणारा शेजारी बसून दुरुस्त करील. दुरुस्ती म्हणजे शुद्धलेखन नव्हे. 'मिलो'चं 'मिळो' झालं असेल तर ते नीट करायचं, पण 'खाल्लाव' होतं ते 'खाल्ले' करायचं नाही. व्हॉइस टायपिंग आपल्या बोलीची रूपं गुपचूप प्रमाण करून टाकतं आणि हुशार मुलांना ते बरोबर वाटतं. त्यांना आधीच सांगून ठेवा की आजीचं वाक्य हा पुरावा आहे, त्याला हात लावायचा नाही. आणखी एक, कुणी डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलं तर जुन्या फॉन्टचा मजकूर फोनवर चिटकवताच त्याचं गिचमिड होतं. सगळं युनिकोडमध्येच हवं.

कानाचं मशीन असलेल्या मुलीला उतरवण्याच्या जोडीत बसवा, पण उतरवलेला मजकूर वाचून प्रश्न काढणं हे तिचं काम ठेवा. मीटच्या वेळी तिच्या हातात लाइव्ह ट्रान्सक्राइब (बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारं अ‍ॅप) लावलेला फोन द्या, मराठी चालतं. बाकी फोन बंद असले तरी हा एक चालू ठेवा, फक्त मीटला जोडू नका. एका वेळी एकानंच बोलायचं हा नियम तिच्यासाठी म्हणून सांगू नका, सगळ्यांसाठी म्हणून सांगा. बोलणाऱ्याचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे हवा.

आता पडताळणी. हा भाग नीट झाला नाही तर उपक्रम आठवणींचा होतो, इतिहासाचा होत नाही, म्हणून तिसरा आठवडा जवळजवळ पूर्ण यालाच द्या. तीन गोष्टी प्रत्येक गावात हमखास ऐकायला मिळतील.

पहिली, 'मिलोबरोबर गाजरगवत आलं, बहात्तरला.' पुण्यात गाजरगवताची नोंद १९५५ च्या सुमारासच झालेली आहे. म्हणून आजी खोटं बोलते का? तिच्या शेतात ते तिनं पहिल्यांदा त्या काळातच पाहिलं असेल. राज्यात कधी आलं आणि आमच्या बांधावर कधी दिसलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलांना हे एकदा कळलं की त्यांची बोलायची रीतच बदलते.

दुसरी, 'बहात्तरला रोजगार हमीवर होतो.' ती बहुतेक दुष्काळी कामं होती. वि. स. पागे यांची कल्पना आधीची आहे, पण रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. गावाच्या बोलण्यात दोन्ही एक झालंय. शिवाय लोक ज्याला 'बहात्तर' म्हणतात त्याचे सगळ्यांत कडक महिने १९७३ च्या उन्हाळ्यातले. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. म्हणून कुणाच्या घरात १९७३ चा कागद सापडला तर 'चुकीचं साल' म्हणून बाजूला सारू देऊ नका.

तिसरी मजुरी. कुणी दीड रुपया सांगेल, कुणी तीन. मुलं लगेच सरासरी काढतील, ती काढू देऊ नका. काम कुठलं, बाईला का बाप्याला, रोजावर का खडीच्या मापावर, हे परत जाऊन विचारायला लावा. फरकातच उत्तर असतं.

कागदी पुरावा तुम्ही आधी शोधून ठेवा, मुलांना शोधायला सांगू नका. १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. ती इंग्रजीत आहे आणि तुमच्या जिल्ह्याचं नाव तिथं आजच्या स्पेलिंगनं नाही, जुन्या 'भीर'नं आहे. नांदेडची पुस्तिका वेगळी उतरवावी लागेल. आपल्या दोन गावांच्या ओळी काढून लोकसंख्या आणि पिण्याच्या पाण्याची सोय एवढंच मराठीत एका तक्त्यात मांडा. (हे वाचणाऱ्या लातूर, जालना, हिंगोलीच्या शिक्षकांसाठी: तुमचे जिल्हे तेव्हा नव्हते. लातूरची गावं उस्मानाबादेत शोधा, हिंगोलीची परभणीत, जालन्याची बरीचशी औरंगाबादेत आणि परतूर परभणीत.) मग दोन्ही गावं शेजारी ठेवून विचारा. पाटोदा पर्जन्यछायेत, मुखेडकडे पाऊस त्यामानानं बरा, तरी तिकडंही खडीच फोडली का? प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं आलं तरी चालेल.

शेवटचं काम एक स्लाइड, गटाला एकच. एक फोटो, आजीचं एक वाक्य जसंच्या तसं, दोन गावांतला एक फरक साठ शब्दांत, आणि खाली दोन ओळी: 'हे आम्हाला कशावरून कळलं' आणि 'याबद्दल अजून शंका आहे'. बारा गटांना एकच गुगल स्लाइडची फाइल उघडून देऊ नका. दुसऱ्याची स्लाइड पुसली जाते, आणि ती मुद्दाम पुसली जात नाही, फोनच्या छोट्या पडद्यावर बोट चुकतं. बारा वेगळ्या फाइल करा आणि शेवटी तुम्ही दोघी एकत्र करा. कुणी किती केलं ते व्हर्जन हिस्टरीत (फाइलमधल्या बदलांच्या नोंदीत) दिसतं, पण ज्या मुलानं निवडलं आणि विचारलं त्याचं तिथं काहीच दिसणार नाही. म्हणून त्यावरून गुण देऊ नका. प्रत्येक मुलाकडून एका मिनिटाचं बोलणं घ्या: गटाला काय कळलं आणि ते खरं कशावरून? लिहून द्यायचं असेल तर तेही चालेल. गुण दोनच गोष्टींना, पुरावा सांगितला का आणि दोन गावांतला फरक सांगितला का.

पालकांचे नंबर सांभाळा. दोन शाळांच्या मुलांचे मिळून व्हॉट्सअ‍ॅप गट केले की अनोळखी घरांना नंबर जातात, आणि मुलींच्या घरून फोन बंद होतो तो तिथंच. मुलांनी आपापल्या शिक्षकांना पाठवायचं आणि तुम्ही दोघींनी मंगळवारी आणि शुक्रवारी फाइलींची अदलाबदल करायची. एका बाजूनं २४ रेकॉर्डिंगं, ऐकण्यासकट फार तर तासाभराचं काम आहे. पाठवण्याआधी प्रत्येक रेकॉर्डिंग स्वतः ऐका. कुठल्या विहिरीवर कुणाला पाणी भरू दिलं नाही, कुणाच्या घरात मूल गेलं, हे बोलण्यात येणारच. ते दडपायचं नाही, पण घराचं नाव बाहेर जाता कामा नये. नावाऐवजी 'आजी, खडीकाम, पाटोदा' एवढं पुरे. पालकांची लेखी संमती पहिल्या दिवशीच घ्या.

आता ऊसतोडीची मुलं. जमेल तर हे दिवाळीआधी, पोळ्यानंतर लगेच उरका. जमत नसेल तर त्यांना वगळून गट करू नका. त्यांच्या गटात त्यांची जागा नावानिशी ठेवा आणि कारखान्याच्या तळावरून त्यांना विचारणाऱ्याचं काम द्या. फडावर आणि कोपीच्या (ऊसतोड मजुरांच्या झोपडीच्या) आसपास वेगवेगळ्या तालुक्यांतली साठीच्या पुढची माणसं भेटतात. 'बहात्तरला तुमचं घर गाव सोडून कुठं गेलं होतं?' हा प्रश्न गावात राहिलेल्या कुठल्याच मुलाला तेवढ्या चांगल्या रीतीनं विचारता येणार नाही. आईवडील पहाटेच फडावर जातात आणि फोन त्यांच्याबरोबर जातो, म्हणून रेकॉर्डिंग संध्याकाळी जेवणं झाल्यावर, आठवड्यातून एकच. डेटा नसेल तर फाइल फोनमध्येच राहू द्या आणि फोन लागेल तेव्हा मुलाला ती तोंडी सांगू द्या, इकडचा जोडीदार लिहून घेईल. जाण्याआधी आठ प्रश्न पाठ झालेत का आणि 'गट नऊ, तळावरून, प्रश्न दोन' असं म्हणता येतं का, एवढं तपासून घ्या. धाकट्या भावंडांना सांभाळत तो हे करणार आहे, त्यामुळं आठांऐवजी तीन प्रश्न आले तरी त्याचा वाटा पूर्ण धरा.